टपावरचे दोन कयाक

अंबरीष आणि जयप्रकाश यांच्यात अबोला होता. गणपतीसुद्धा त्या अबोल्यातच आले आणि गेले. टोकियोच्या कोतो भागातल्या मराठी मंडळींनी हॉल घेतला होता, तिथे आरतीला दोघं दोन टोकांना उभे राहिले, आणि प्रसादाच्या रांगेत मध्ये चार माणसं राहतील याची दोघांनीही काळजी घेतली. दोघांनी मिळून घेतलेले दोन कयाक, म्हणजे वल्हवायच्या लांब, निमुळत्या होड्या, मात्र ओजिमातल्या भाड्याच्या कंटेनरमध्ये एकावर एक, एकत्रच पडून होते.

दोघं पुण्याचे. एकाच प्रयोगशाळेत पोस्टडॉक, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसणारे. काम तळ्यांतल्या शेवाळाचं. एका सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रोफेसरांनी सांगितलं की जयप्रकाश-सान तोयोसुतल्या एका कंपनीत डेटाचं काम करायला जात आहेत. अंबरीषला आधी वाटलं, आपलं जपानी कच्चं आहे, काहीतरी चुकीचं ऐकलं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाच वर्षं शेजारी डबा खाल्लेल्या माणसानं ही गोष्ट आपल्याला आधी सांगू नये, हे त्याला इतकं लागलं की त्यानं भांडणसुद्धा केलं नाही. बोलणंच बंद केलं. काही दिवसांनी जयप्रकाशनं मोठी थोरली एसयूव्ही घेतली, तेव्हा अंबरीषनं ती रस्त्याच्या पलीकडून पाहिली आणि घरी येऊन शिवानीला म्हणाला, "टोकियोत एवढी गाडी कशाला लागते."

शिवानी म्हणजे त्याची बायको. आता कयाक विकायचं ठरलं, तेव्हा सगळी बोलणी तिनंच केली. घ्यायला तयार झालेल्या बाई कासुमिगाउरा तळ्याकाठी राहत होत्या. तिथवर कयाक न्यायला मोठी गाडी हवी, आणि ओळखीत तशी गाडी एकच होती.

"मी फोन करते त्याला," शिवानी म्हणाली. "पण निरोप्या मी एवढ्यापुरतीच. आणि मार्चचं तू स्वतः सांगायचंस."

"जाताना सांगतो."

मार्चचं म्हणजे असं, की अंबरीषला पुण्यातल्या एका संस्थेत नोकरी लागली होती आणि मार्चअखेर तो आणि शिवानी कायमचे परत जाणार होते. हे जयप्रकाशला ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी जयप्रकाश गाडी घेऊन आला. कयाक एकट्यानं चढत नाही. एकानं नाक धरायचं, दुसऱ्यानं शेपूट, आणि दोघांनी एकदम उचलायचं. एकदम उचलायचं तर कोणीतरी काहीतरी बोलावं लागतं.

"उचल," जयप्रकाश म्हणाला.

"हं," अंबरीष म्हणाला.

हे बोलणं धरायचं की नाही, याचा अंबरीषनं विचार केला आणि धरायचं नाही असं ठरवलं. कयाक टपावरच्या रॅकवर बसले. मग पट्टे. एकानं पट्टा टपावरून पलीकडे फेकायचा, दुसऱ्यानं तो रॅकच्या दांड्याखालून ओवून परत फेकायचा. गाडी इतकी उंच की पलीकडचा माणूस दिसत नाही, आणि पट्ट्याला लोखंडी बकल असतं. म्हणून फेकण्याआधी "टाकतोय" म्हणायची दोघांची जुनी पद्धत होती. ती दोघांनी पाळली. डोकं फोडण्याइतकं वैर कुणाचंच नव्हतं.

वाटेत अंबरीषनं तीनदा घसा साफ केला. तिसऱ्यांदा जयप्रकाशनं एसी कमी केला. तेवढ्यात तळं आलं.

होसोकावा-सान दारातच उभ्या होत्या. सत्तरीच्या, बारीक, पायात रबरी बूट. त्यांच्या यजमानांची कमळकाकडीची शेती होती. यजमान गेल्यावर त्यांनी शेतं शेजाऱ्याला कसायला दिली होती आणि आता त्यांना नि त्यांच्या बहिणीला पाण्यावर जायचं होतं. आयुष्यभर कमरेएवढ्या चिखलात उभं राहिल्यावर पाण्यावर बसून बघावंसं वाटतं, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी दोघांना गार बार्लीचा चहा दिला, कयाक हातानं चाचपून पाहिले आणि म्हणाल्या, "फार छान. आता माझ्या गाडीवर चढवून दाखवता का?"

त्यांची गाडी घराच्या कडेला उभी होती. जपानात सगळ्यांत लहान गाड्यांना असते तशा पिवळ्या नंबरप्लेटची, खेळण्यातल्यासारखी छोटी. दोघांनी गाडीकडे पाहिलं, मग कयाककडे, मग चुकून एकमेकांकडे.

पण बाईंनी सांगितलं होतं, म्हणून दोघांनी एक कयाक काढला आणि त्या गाडीवर धरला. तो पुढून बॉनेटच्या बराच पुढे गेला आणि मागून थेट गुलाबाच्या कुंडीपर्यंत. होसोकावा-साननी मापाची टेप आणली, मोजलं, पुन्हा मोजलं.

"पोलीस अडवतील," त्या म्हणाल्या.

"अडवतील," जयप्रकाश म्हणाला.

दोघांच्या हातात कयाक अजून होताच. टेप गुंडाळत होसोकावा-साननी अंबरीषला विचारलं, "इतके चांगले आहेत, तर विकता का?"

जपानीत उत्तर द्यायचं म्हटलं की अंबरीष आधी वाक्य जुळवायचा, आणि वाक्य जुळवण्याच्या नादात कोण ऐकतंय हे विसरायचा. "मार्चमध्ये मी माझ्या देशात परत जाणार आहे," तो म्हणाला. "कायमचा." व्याकरण अगदी बरोबर होतं.

जयप्रकाशच्या हातातलं कयाकचं शेपूट एकदम खाली आलं. टेकलं नाही, पण आलं.

"असं होय," होसोकावा-सान म्हणाल्या. "एकटेपणा वाटेल तुमच्या मित्राला." मग त्यांनी मान लववली आणि थोडा विचार करून कळवते म्हणाल्या. जपानमध्ये इतकी वर्षं काढल्यावर याचा अर्थ नकार, हे दोघांनाही कळत होतं.

कयाक परत एसयूव्हीवर चढवले. या वेळी "उचल" कुणीच म्हटलं नाही; तरी ते बरोबर उचलले गेले. जयप्रकाश ड्रायव्हरच्या बाजूला गेला, अंबरीष दुसऱ्या. मध्ये गाडी.

"टाकतोय," पलीकडून आवाज आला. पट्टा आला. अंबरीषनं तो ओवला.

"टाकतोय," अंबरीष म्हणाला.

पट्टा पलीकडे गेला. पण आवळला गेला नाही.

"कधी ठरलं?" जयप्रकाशनं विचारलं.

"ऑगस्टमध्ये."

"म्हणजे गणपतीत तुला ठाऊक होतं."

"हो."

"मी तिथेच होतो."

"मला दिसलास."

पलीकडून पट्टा आवळल्याचा आवाज आला. तो नेहमीपेक्षा जास्त आवळला जात होता. कयाकचं प्लास्टिक कुरकुरलं.

"बास कर, पोचा पडेल," अंबरीष म्हणाला.

आवळणं थांबलं. मग जयप्रकाश बोलू लागला; चेहरा दिसत नव्हता, नुसता टपावरून आवाज येत होता. "मी तुला सांगायला आलो होतो. एकदा तू नमुने मोजत होतास. एकदा तुझा पेपर परत आला होता, त्या दिवशी कसं सांगणार. मग म्हटलं शुक्रवारी जेवायला बोलवून सांगू. तर सोमवारीच सर बोलून गेले. तू विचारलंही नाहीस. मला वाटलं, विचारेल."

अंबरीष दांड्याला धरून उभा होता. आपल्याला आज सकाळी अख्खा हायवे मिळाला होता, आणि त्यात आपण फक्त घसा साफ केला, हे त्याच्या ध्यानात आलं. इतके महिने तो धरून बसला होता की जयप्रकाशनं मुद्दाम लपवलं. मुद्दाम न लपवताही गोष्ट राहून जाते, हे त्याला आत्ता, स्वतःच्या उदाहरणावरून कळलं, आणि कळून फार बरं वाटलं असंही नाही.

"मी सकाळपासून सांगणार होतो," तो म्हणाला.

"एसी कमी केला मी."

"हो. मला वाटलं, तुला ऐकायचं नाही."

"मला वाटलं, तुला सर्दी झालीय."

परतीच्या वाटेवर ते बोलले, पण एकदम भरभरून वगैरे नाही. नोकरी कुठली, घर कुठे बघणार, प्रोफेसरांना सांगितलं का. प्रोफेसरांना अजून सांगितलं नाही, हे ऐकून जयप्रकाशचा चेहरा जरा निवळला. हायवेवरच्या सर्व्हिस एरियात थांबून दोघांनी उदोनच्या जाड शेवया खाल्ल्या. शिवानीचा फोन आला.

"सांगितलंस का त्याला?"

"त्याला कळलं."

"कळलं म्हणजे?"

"घरी आल्यावर सांगतो," अंबरीष म्हणाला. समोर जयप्रकाश उदोनच्या वाडग्यात बघत होता. त्याच्या खांद्यांवरून तो हसत असावा असं वाटलं.

टोकियोच्या इमारती दिसू लागल्या, तेव्हा होसोकावा-सानचा मेसेज आला. अंबरीषनं तो मोठ्यानं वाचला. त्यांनी नीट विचार केला होता. त्यांच्या घरापासून तळं चालत पाच मिनिटांवर आहे. शेजाऱ्याकडे कमळकाकडी वाहायचा हातगाडा आहे, तो चांगला लांब आहे. म्हणजे मोटारीची गरजच नाही. हे आधी सुचलं नाही याबद्दल त्या मनापासून क्षमा मागत होत्या. कयाक दोन्ही हवे होते.

जयप्रकाशनं आरशात पाहिलं, डावीकडचा सिग्नल दिला, पुढच्या एक्झिटला हायवेवरून उतरला आणि वळसा घालून परत उलट्या दिशेनं चढला.

संध्याकाळी कयाक हातगाड्यावर बसले. होसोकावा-सान आणि त्यांची बहीण गाडा ओढत-ढकलत निघाल्या, एक पुढे, एक मागे, आणि कोपऱ्यावर कुठून वळायचं यावरून दोघींचा वाद सुरू झाला. तो बराच वेळ ऐकू येत होता. जाताना त्यांनी कमळकाकडीची एक मोठी पिशवी जबरदस्तीनं गाडीत ठेवली होती.

अंधार पडला होता. जयप्रकाशनं गाडी सुरू केली, पण लगेच काढली नाही.

"रॅक आता काढून टाकतो," तो म्हणाला. "तो असला की मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी घेत नाहीत."

"एकट्याला निघतो का?"

त्या रॅकला चार स्क्रू होते. कुठलाही माणूस एका हातात चहाचा कप धरून ते काढू शकला असता, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

"नाही," जयप्रकाश म्हणाला.

"मग शनिवारी येतो," अंबरीष म्हणाला.