पाटीवरची चौदा नावं

नव्याण्णव सालच्या मे महिन्यात प्रबुद्धनं माझ्यापुढं एक कागद ठेवला. म्हणाला, "आई, यावर महेंद्रची सही आण. वसीमचीपण. मी गेलो तर दारातनं हाकलतील. तुझ्या शब्दाबाहेर महेंद्र जायचा नाही."

जाणारच नव्हता. महेंद्र माझ्या धाकट्या दिराचा पोरगा. आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता. माझ्या हातचं खाऊन वाढला आणि उलटला. सांगलीच्या कॉलेजात असताना प्रबुद्ध, महेंद्र आणि त्यांचा दोस्त वसीम यांनी मिळून कॉम्प्युटरवर मराठी लिहायचा प्रोग्राम केला होता. त्याचं नाव पाटी. दोन वर्षं फ्लॉपीत घालून फुकट वाटला. आता शिरवळची एक कंपनी तो घ्यायला आणि प्रबुद्धला मोठ्या जागेवर नेमायला तयार होती. अट एकच. पाटी एकट्या प्रबुद्धची पाहिजे आणि बाकीच्यांनी तसं लिहून दिलं पाहिजे. नेमकं तेव्हाच महेंद्रनं कुपवाडला वेगळी चूल मांडली. तीच पाटी उचलली, 'नवी पाटी' नाव ठेवलं आणि वाटत सुटला. प्रबुद्ध म्हणाला, चोरी केली. मी मानलं. माझं पोरगं खोटं बोलत नाही, असं मी साऱ्या गल्लीला ऐकवत आले होते.

साताऱ्याहून सकाळची एसटी धरली. कुपवाडला लेथच्या कारखान्यावर त्यांची खोली. लोखंडी जिना, खालून तेलाचा वास. दोघंही बनियनवर, कॉम्प्युटरपुढं. मला बघून वसीम उठला, शर्ट चढवला, खुर्ची पुसली. महेंद्र उठला नाही.

"बसा काकी," तो म्हणाला. "दादानं तुमाला फुडं केलं तर."

"मला कोण फुडं करत न्हाई. मी माझ्या पायानं आलीया. चोराच्या खुर्चीत बसायला न्हाई आले. सही कर."

"चोर कुनाला म्हनता?"

"हितं तू नि हा चांदसाहेबाचा पोरगा, दोघंच हायसा. तुमचं तुमी ठरवा."

वसीम हसला. "मावशी, मला कशाला ओढता त्यात? पाटीतली अक्षरं मी काढली. वडलांनी तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले, त्या खिळ्यांवरनं काढली. आपल्याच घरात कोण चोरी करतं व्हय?"

महेंद्रनं एक कागद माझ्याकडं सरकवला. "हे दादानं सोताच्या हातानं पाटीबरोबर जोडलंय. लायसन."

"लायसन मला रिक्षावाल्याचं ठाऊक हाय."

"तसलंच समजा. ह्यात लिवलंय, पाटी कुनीबी न्यावी, उघडून बघावी, सुधरावी, दुसऱ्याला द्यावी. फकस्त देताना उघडीच द्यावी. कुलूप घालायचं न्हाई. त्या बोलीवर लोकांनी पाटीला हात लावला. छपाईचा भाग मी केला. आता दादा म्हनतो कुलूप घालतो आन चावी शिरवळला देतो. मी कुलपाच्या आधीची पाटी उचलली. उचला म्हनून त्यानंच लिवलंय की."

"इंग्रजी कागद दावून मला गप करू नगंस. चौथी शिकलीया, पन बनवाबनवी वळखते. गोवर आला तवा तुला पाठीवर घिऊन दवाखाना कुनी गाठला, ते इसरलास?"

"न्हाई इसरलो. म्हनून तर सांगतो, तुमी म्हना, आत्ता सही करतो. पन आधी दोन्ही पाट्या वाचायच्या, मग म्हनायचं."

मला वाचता येतं की नाही, हे बघायला निघाला होता. मी खुर्ची ओढली आणि बसले.

वसीमनं आधी नवी पाटी लावली. काचेवर नावांची यादी आली, मराठीत. मी बोट ठेवून वाचत गेले. पहिलं नाव माझ्या प्रबुद्धचं. मग वसीम, मग महेंद्र. खाली आणखी अकरा. त्यात मेढ्याची एक प्रियदर्शनी.

"ही कोन?"

"शाळेत शिकवत्यात," वसीम म्हणाला. "त्यांच्याकडं कॉम्प्युटर नाही. पाटीवर छापलेलं पत्रक बघितलं आणि टिंब चुकीच्या जागी पडतंय म्हणून पोस्टकार्ड टाकलं. त्यावरनं सुधारलं."

मग त्यानं दुसरी फ्लॉपी घातली. ही प्रबुद्धची कुलपातली पाटी. त्यानं छापखान्यांना नमुना म्हणून दिली होती, त्यातली एक चांदसाहेबांकडं आलेली. तिच्यावर एकच नाव होतं. मी खाली आणखी काही येतंय का बघत थांबले. काही आलं नाही.

आमच्या वस्तीत विहाराची भांडी लग्नकार्याला सगळेच नेतात. ज्यानं भांडं दिलं त्याचं नाव त्यावर कोरलेलं असतं. एका साली हरणाबाईनं पातेल्यावरचं दुसऱ्याचं नाव कानशीनं घासलं आणि आपलं घातलं. मी भरदुपारी तिच्या दारात उभी राहिले आणि जुनं नाव परत घालायला लावलं, तेव्हाच हलले. प्रबुद्ध तेव्हा नऊ वर्षांचा होता. माझ्या शेजारी उभं राहून त्यानं सगळं बघितलं होतं.

"म्हना आता," महेंद्रनं पेन पुढं केलं.

मी सहीच्या कागदाची घडी घालून पिशवीत टाकली. वसीमला म्हटलं, "ही यादी छापून दे."

महेंद्र हसला.

"दात दावू नगंस. दोन महिनं मी साऱ्या गल्लीत तुला चोर म्हनत फिरले. एक चिठ्ठी टाकाया हात मोडला हुता?"

"टाकली असती तर खरं मानलं असतं व्हय तुमी?"

 वसीमनं पुढं केलेला चहा तसाच ठेवून मी जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा साहेब आमच्या घरी आला. प्रबुद्ध इस्त्रीच्या शर्टात. पोह्यांची बशी हातात घेत साहेब म्हणाला, "भामाबाई, झालं ना काम?"

मी बिनसहीचा कागद टेबलावर ठेवला. "न्हाई झालं. पाटी ह्या एकट्याची न्हाई. चौदा जनांची हाय. मी त्यांच्याकडनं सह्या मागनार न्हाई."

"आई, तुला यातलं काय कळतं?" प्रबुद्ध म्हणाला.

"नाव कळतं. कुनाचं हाय नि कुनी पुसलं, तेबी कळतं."

साहेबानं प्रबुद्धकडं बघितलं. प्रबुद्धनं मान खाली घातली. साहेब म्हणाला, भांडणातला माल आम्ही घेत नाही. बशी ठेवली आणि गेला. नेमणूकही त्याच्याबरोबर गेली.

"वाटोळं केलंस माझं," प्रबुद्ध म्हणाला. "महेंद्रच तुझा खरा."

"त्यालाबी झाडून आलीया. बस हितं. नावं घाल."

"घातली म्हणून महेंद्र परत येणार नाही."

"यिऊ नगं. मला तरी कुठं पायजे?"

तो कॉम्प्युटरपुढं बसला, पण हात चालवीना. मी यादी त्याच्यापुढं टाकली आणि पाठीमागं खुर्ची लावली. प्रबुद्धच्या वडलांनी आतून जेवायची हाक मारली, तर मी त्यांना म्हटलं, तुमी घ्या. तासाभरानं त्याची बोटं चालायला लागली. महेंद्रचं नाव घालताना बटणं अशी आपटली की टेबल हललं. अकराव्या नावाला थांबला.

"हिनं नुसतं टिंब दाखवलंय. एक ओळ लिहिली नाही."

"दावलं न्हवं? घाल."

घातलं. राहिलेली तीनही घातली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आता तरी जेवायला मिळेल का?"

"हात हायती की तुला. घे वाढून," मी म्हटलं.