उसाशातली माती

घराचं जुनं मातीचं माळवद उतरवणं अवघड जाईल, असं नृसिंहमास्तरांना वाटलं होतं. ते चार दिवसांत उतरलं. अवघड झाली ती माती. आजोबांच्या काळापासून दर पावसाळ्याआधी त्या माळवदावर पांढऱ्या मातीचा एकेक थर चढत आला होता. आता ती सगळी एकदम खाली येऊन नगरातल्या त्या अरुंद बोळात ठाण मांडून बसली. दुसरं महायुद्ध संपून वर्ष होत आलं तरी नव्या छपराच्या पत्र्यांना परमिट लागत होतं. ते मोठ्या खटपटीनं मिळालं, पत्रे आले, आणि दारात हा डोंगर. शेजारचे दत्तोपंत वकील धोतराचा सोगा वर धरून ढिगाला वळसा घालून कोर्टात जायचे आणि जाताजाता विचारायचे, "काय मास्तर, किल्ला बांधताय की काय?"

मातीच्या तीन वाटा होत्या. एक म्हणजे गाडीवानाकडून ती वेशीबाहेर टाकवून घ्यायची. पण पत्र्यांनी घर आधीच धुऊन नेलं होतं. दुसरी वाट पुंजारामाची. हा हिवऱ्याचा शेतकरी मास्तरांना वर्षाची ज्वारी घालायचा. जुन्या माळवदाची माती शेताला खतासारखी लागते, त्यामुळे तो हरखूनच गेला. "समदी नेतो मास्तर, एक ढेकूळ ठेवत न्हाई. फकस्त पाडवा हुंद्या. बैल कोपरगावला उसाच्या गाडीला गेल्यात."

मास्तरांनी ही गोष्ट शाळेत सांगितली, देवळात सांगितली, वकिलांना तर दोनदा सांगितली. आपल्या घराची माती एका कष्टकऱ्याच्या शेतात सोनं पिकवणार, हे सांगताना त्यांना फार बरं वाटायचं. माणसाला फुकटचं पुण्य मिळालं की तो ते वाटत सुटतो, तसलाच प्रकार.

तिसरी वाट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नाही.

मास्तरांच्या परसामागे पडीक जागा होती आणि तिथं एक उसासा होता. निजामशाहीत डोंगराकडून गावात पाणी आणणारे खापरी नळ जमिनीखालून घातलेले, आणि त्या नळांना वारा मिळावा म्हणून मधे मधे विटांनी बांधलेली ही विहिरीसारखी तोंडं. दरवर्षी चौथीच्या मुलांना मास्तर हे सगळं खडूनं चित्र काढून शिकवायचे. पाणी कुठून येतं ते सांगायचे. पुढं कुठं जातं हा प्रश्न पुस्तकात नव्हता. बोळात नगरपालिकेचे नळ येऊन जमाना झाला होता आणि उसाशात आता पोरं फुटक्या कौलांचे तुकडे टाकून किती वेळानं आवाज येतो ते मोजायची.

पाडवा पाच दिवसांवर आला तेव्हा मास्तरांच्या बायकोचा, दमयंतीबाईंचा, धीर सुटला. "अहो, श्रीगोंद्याची मंडळी आपल्या विजयाला पाहायला पाडव्यालाच यायची आहेत. ती काय हा ढीग चढून घरात येणार? आणि गुढी कुठं उभारू? ह्याच्यावर?"

मास्तर परसात गेले, उसाशाकडे बघून आले, आणि दुसऱ्या दिवशी लंकाबाईला बोलावलं. माळवद उतरवताना पाट्या वाहायला ती होतीच. वेशीबाहेरच्या वस्तीत राहणारी, मितभाषी, डोक्यावर पाटी असली तरी झपझप चालणारी बाई.

तिनं पहिली पाटी उसाशात ओतली. दुसरी आणली आणि काठावर थबकली.

"मास्तर, खाली पानी वाजतंय."

मास्तर आले, काठाला हात टेकून वाकले. खालून ओला गारवा आला. आणि आवाज आला. शेजारच्या खोलीत कुणी सावकाश घागर रिकामी करावी तसा, बारीक, पण न थांबणारा. तो त्यांनी ऐकला. दोन श्वास घेईपर्यंत ऐकला. मग ते सरळ झाले.

"वारा आहे तो. पोकळीत वारा घुमतो. टाक तू."

लंकाबाईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चौथीपर्यंत शिकवणारा माणूस वारा म्हणतोय म्हटल्यावर तिनं काय म्हणायचं? "आसंल," ती म्हणाली आणि पाटी पालथी केली. दोन दिवसांत बोळ झाडून लख्ख झाला.

पाडवा छान झाला. श्रीगोंद्याच्या मंडळींनी पत्र्यांकडे बघून माना डोलावल्या आणि विजयाच्या हातचे पोहे पुन्हा मागून घेतले. तिसऱ्या दिवशी पुंजाराम गाडी घेऊन हजर.

"माती?"

"अरे, अडचण फार होत होती," मास्तर दुसरीकडे बघत म्हणाले. "हलवली मी."

पुंजाराम हिरमुसला, पण भला माणूस, चहा पिऊन उठला. जाताजाता म्हणाला, "वेशीबाहेर लई कल्ला चाललाय, मास्तर. तितल्या खापरी नळाच्या हौदाचं पानी गेलं. आदी दोन दिस दुधासारकं पांढरं आलं, मंग बंदच. बाया सीना नदीच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं पानी भरत्यात."

पुढचे दोन दिवस घरातला नळ सोडला की त्या धारेच्या आवाजानं मास्तर उठून बाहेर जायचे. शेवटी दमयंतीबाईंना त्यांनी सांगून टाकलं, निम्मं. "मला काय ठाऊक, खाली पाणी चालू आहे म्हणून," असं म्हणाले. बायकोपाशीसुद्धा पुरतं खरं बोलवलं नाही, याची त्यांना स्वतःचीच चीड आली.

"झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "विजयाचं जमत आलंय. आता गावभर बोभाटा कशाला? वस्तीतले लोक शोधतील आणि काढतील."

त्यांनी शोधलं. हौदापासून एकेक उसासा तपासत वस्तीतली माणसं वर वर सरकत आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परसामागे पाट्या आपटल्याचा आवाज आला. मास्तर मागच्या दारानं बाहेर पडले. आज सगळं सांगायचंच, असं ठरवून पडले.

दहा-बारा माणसं लांब, लिंबाच्या सावलीत बसली होती. काम दोघंच करत होती. लंकाबाईचा नवरा बन्सी खाली उसाशात, आणि वर ती एकटी. दोरानं पाटी ओढायची, लांब नेऊन ओतायची, परत सोडायची. तिचे तळहात सोलवटले होते. तिनं मास्तरांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

वस्तीतले जाणते गहिनीनाथ लगबगीनं उठले. "या मास्तर. बगा आमच्या बाईचं काम. तुमी पुंजारामासाटी माती रचून ठेव म्हनला, आन् हिनं कटाळा केला. आनली आन् हितं लोटली. इचारलं तर तोंडातून सबूद काडीना. मंग पंचांनी सांगितलं, दोगं नवराबायको उपसा. कुनी हात लावायचा न्हाई."

पुंजारामाची गोष्ट मास्तरांनीच गावभर केली होती. ती इथपर्यंत पोचली होती, आणि या बाईच्या मानेवर बसली होती.

"गहिनीनाथ," ते मोठ्यानं म्हणाले, "मीच तिला इथं टाकायला सांगितलं. चूक माझी आहे."

सावलीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. गहिनीनाथांनी हात जोडले. "मास्तर, तुमी देवमानूस. पर हिला असं पाटीशी घालू नका."

"पाठीशी घालत नाही. खरं तेच सांगतो."

"मंग ही का बोलली न्हाई?"

सगळे लंकाबाईकडे वळले. तिनं दोर पायाखाली दाबला. "बोलून काय करू? मास्तरांचं नाव घेतलं आसतं तर गावात पुना मला पाटी कुनी दिली आसती?" मग ती मास्तरांकडे वळली. रागानं नाही, खरंच विचारावं तसं तिनं विचारलं, "मास्तर, मी तुमाला म्हनाले हुते, खाली पानी वाजतंय. तुमी वाकून आयकलंत. तुमाला न्हाई आलं आयकू?"

उसाशातून बन्सीच्या कुदळीचा आवाजही थांबला. दारात दमयंतीबाई येऊन उभ्या होत्या. कुंपणापलीकडे दत्तोपंत वकील दातवण चावायचे थांबले होते. मास्तरांनी एवढं सांगितलं होतं. उरला होता तो एकच शब्द. माती टाकायला सांगणं ही चूक होती, ती कुणीही पोटात घातली असती. पण पाणी ऐकून टाकायला सांगणं, ही चूक नव्हती. हे त्यांना ठाऊक होतं आणि तेच सांगायला ते आले होते.

"नाही," ते म्हणाले. "मला वाराच वाटला."

गहिनीनाथांनी सुस्कारा सोडला. "झालं तर! तुमाला काय ठावं? तुमी काय जनमभर हौदाचं पानी भरलंय?" मग ते लंकाबाईकडे वळले आणि त्यांचा आवाज बदलला. "पर तुला कळलं हुतं ना गं, खाली पानी हाय म्हनून?"

"व्हय," ती म्हणाली. "मला कळलं हुतं."

"तरी टाकलीस."

"तरी टाकली."

गहिनीनाथांनी अंगावरचं उपरणं झटकून सावलीत अंथरलं आणि मास्तरांना बसायचा आग्रह केला. उन्हात उभं राहू नका म्हणाले. मास्तरांना शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. अजूनही तोंड उघडता आलं असतं. ते जाऊन उपरण्यावर बसले. लंकाबाईनं दोराखालचा पाय काढला आणि पाटी वर ओढायला लागली.