दोरीचा मधला भाग

सरका असे आगटीजवळ, ओले जोडे बाहेरच राहू द्या. बर्फाच्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो. लांब नाही, पण ऐकल्यावर लवकर सोडत नाही.

च्यामा गुडघाभर बर्फात उभी राहून नवऱ्याच्या, आपूच्या थडग्यावरच्या धनुष्याची दोरी कोरड्या फडक्यानं पुसत होती. त्याचं शिकारीचं धनुष्य ते: रानतुतीची कमान, तिला आडवा जोडलेला दांडा, बाण सोडायला हाडाचा चाप. नू नदीच्या खोऱ्यात पुरुष गेला की त्याचं धनुष्य त्याच्या उशाशी टांगतात, आणि मग त्याला कुणी हात लावत नाही. पावसात, बर्फात वाखाची दोरी कुजते आणि एक दिवस तुटते. तुटली की माणूस देवाघरच्या वाटेला लागला म्हणायचं.

च्यामाला ती तुटूच द्यायची नव्हती. आपूनं उतरवलेल्या मधाच्या पोळ्याच्या मेणाचा गोळा ती काखेत ऊब देत डोंगर चढून आणायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरीला चोळायची. दांड्याला डुकराची चरबी, वर डोंगरी ताडाच्या सालीचं झाकण. मग दोरी बोटानं छेडायची. ओली दोरी नुसती थप् करते, कोरडी घुमते. प्रार्थनेच्या गाण्यात आपू खालचा सूर धरायचा, अगदी तशी.

"वहिनी!"

मागे आखे उभा होता, आपूचा धाकटा भाऊ.

"म्हणजे तुम्ही! गावात म्हणतात, आपू स्वतःच येऊन मेण लावतो."

"मीच लावते, भावजी."

"मग त्याची वाट तुम्हीच अडवलीत."

"अडवली तर अडवली. तिकडे त्याचं काय अडलंय एवढं?"

"देव बोलावतोय त्याला, आणि तुम्ही मेणाचा गोळा घेऊन आडव्या!"

तिला हसू आलं. तिनं फडकं घट्ट धरलं.

आखेनं हात पाठीमागे बांधून, वाकून दोरी न्याहाळली. "पण काम चोख केलंत हां. मधला भाग कोरडा ठेवलात."

"कुठला मधला?"

"बाणाचं बूड टेकतं तो. तिथे मेण लागलं की बाण चिकटतो, नेम चुकतो. दादा केवढा ओरडायचा मला! 'गाढवा, मेण आहे ते, मध नव्हे. किती थापशील?'"

च्यामा दोरीवर वाकली. मागल्या खेपेला तिनं मधेच सगळ्यात जास्त मेण थापलं होतं. तिथेच दोरी झिजलेली दिसली म्हणून. आता तिथला वाख पांढरा, मोकळा दिसत होता. दोन्ही बाजूंना मेण तसंच होतं. फडक्यानं पाणी निघतं, मेण नाही निघत.

"तुम्ही खरवडलंत का, भावजी?"

"मी? मेलेल्याच्या धनुष्याला हात लावू? प्रभू साक्षी आहे, बोटसुद्धा नाही लावलं."

तिनं खाली पाहिलं. रात्रभर बर्फ पडला होता. त्यावर वर चढत आलेल्या पावलांच्या दोनच वाटा, एक तिची, एक आखेची. आणि दोरीच्या बरोबर खाली, त्या ताज्या बर्फावर, नखानं काढल्यासारखे मेणाचे पिवळे कण.

तिनं एक कण उचलला. तो आधीच कोमट होता, बोटांत धरताच मऊ झाला. थंडीतलं मेण असं होत नाही.

आखे दोन पावलं मागे सरला. "चला वहिनी, घरी चला."

"थांबा." तिनं गोळा काखेतून काढून बर्फात पुरला. मग धनुष्यावरचं झाकण सोडलं, घडी करून बगलेत मारलं. "माझ्या चुका निस्तरत बसलाय हा. जन्मभर तेच केलं, अजून तेच." हळूच दोरीकडे तोंड नेऊन म्हणाली, "पुरे आता. जा. मी नाही यायची मेण घेऊन."

उघड्या दोरीवर बर्फाच्या पाकळ्या टेकू लागल्या.

जाण्याआधी दोघांनी निरोपाचं गाणं म्हटलं. आखेनं वरचा सूर घेतला, च्यामानं मधला. खालचा धरायला कुणी नव्हतं. तरी गाणं कुठेही पोकळ वाटलं नाही, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

तुम्हीही बर्फ पडू लागला की आपूची आठवण काढा. आणि गात असाल, तर खालच्या सुराला थोडी जागा सोडा.