मागं सरकलेला आवाज

धुळाजीचा आवाज कासारसाईच्या धरणापलीकडं ऐकू जायचा म्हणे. लोक काय, जिभेला हाड नसल्यासारखं बोलतात. पण त्या दिवशी माईकला तो सोसला नाही, हे त्याच्या पोरानं, मल्हारनं, स्वतः पाहिलं होतं.

स्वानंद हा लातूरकडचा पोरगा. कंपनीत नोकरी, माण गावात भाड्याची खोली, आणि सुट्टी आली की गाणी रेकॉर्ड करत हिंडायचं वेड. त्यानं बिरोबाच्या देवळापुढं एका दांड्यावर दोन माईक लावले, एकाचं तोंड डावीकडं, एकाचं उजवीकडं. भोवती ढोलवाला आणि मल्हारसकट ओव्या म्हणणारे उभे केले. पण धुळाजीनं सूर लावला की आवाज फाटायचा.

"मामा, जरा मागं सरा," स्वानंद म्हणाला. म्हातारा सरला. "अजून थोडं." शेवटी मल्हारनंच बापाला खांद्याला धरून पार मागच्या ओट्यापाशी नेऊन उभं केलं. म्हातारा तिथनं गायला.

थंडीत धुळाजी गेला.

महिन्यानं मल्हारची आई बानूबाई म्हणाली, "तेंचा आवाज लाव रं." मल्हारनं मोबाईलवर लावला. सगळे एका डबीत कोंबल्यागत वाजले, धुळाजी ओळखू येईना. म्हातारी हिरमुसली. हे कळल्यावर स्वानंद आपले दोन मोठे स्पीकर घेऊन आला आणि जागा होती तिथं, दाराच्या दोन्ही अंगाला ठेवले.

आणि आक्रीत झालं. ढोल डावीकडं वाजला, मल्हारचा स्वतःचा आवाज उजवीकडनं आला, आणि मधी, उघड्या दाराबाहेर, अंगणात लांब, धुळाजी गायला लागला. तिथं कुणी नव्हतं.

"आवं, भाईर का उभं हायसा?" बानूबाई उठली. ती दाराकडं गेली तसा आवाज सरकला आणि डावीकडच्या खोक्यात शिरला. ती तिकडं वळली, तर तो नुसता खोक्यातून येऊ लागला, अंगणात कुणीच उरलं नाही.

"मावशी, ते दोन्ही स्पीकर मिळून त्यांना मधी उभं करतात," स्वानंद म्हणाला. "जवळ गेलात की मोडतं. मधोमध बसूनच ऐका."

मग काय, म्हातारी रोज मधोमध बसायची. मल्हारनं ताट पुढं केलं की त्याला म्हणायची, "त्ये भाईर कुडकुडत्यात आन् मी जेवू व्हय? तूच तर मागं सारलंस तेस्नी." दार लावू देईना. ज्वारीचं पीठ डब्यात तसंच, अंगाची नुसती काडी झाली. "आये, माझ्यासाठी दोन घास खा," म्हणून मल्हार रडला, सून उज्वला रागावली. कशाचा काही उपयोग नाही.

मल्हारनं स्वानंदला धरलं. "त्यांना आत आण. कसंबी कर, न्हाईतर ही बी जाईल."

स्वानंदनं खटपट केली, देवळाच्या भिंतीवर आपटून येणारा घुमारा कापला, आवाज पुढं ओढला. लावल्यावर धुळाजी थेट घरात गायला, पण कोरडा, भिंती नसलेल्या जागेतला. बानूबाईनं मान हलवली. "ह्यो कोन? ह्यो माजा न्हवं. ज्यो भाईर हाय, त्यो माजा."

स्वानंदचं तोंड उतरलं. "एकच राहिलंय, मल्हारदादा. काहीही न कापलेलं, पहिलं रेकॉर्डिंग. मी आवाज साफ केला होता ना, मागं काहीतरी किणकिण होती. ती काढली होती मी."

संध्याकाळी त्यानं ते लावलं. धुळाजी पुन्हा अंगणात, लांब. पण आता त्याच्या अगदी शेजारी बारीक किणकिण ठेक्यावर वाजत होती.

बानूबाईचा श्वास अडकला. "काकनं. ही तर माजी काकनं! मी वट्यावर टाळ्या वाजवीत बसले हुते की!" तिनं आपली मोकळी मनगटं वर धरली, बघितली, आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "एकलं न्हाईत रं त्ये. मी हाय तितं, तेंच्या शेजारी. मागं आलं त्ये माज्यापाशीच आलं."

"व्हय, आये," मल्हार म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"मंग दार लाव आता. गार वारं येतंय. आन् उज्वले, भाकर वाढ गं, भूक लागली."

ती पोटभर जेवली, मिरचीचा ठेचा मागून घेतला. उज्वलानं देवाला हात जोडले. मल्हारसमोरही ताट होतं, पण घास काही उतरेना. इतके दिवस अंगणात एकटा बाप होता. आता आई इथं जेवत होती, आणि बंद दाराआडनं, तिकडं लांब, बापाच्या शेजारी तिच्याच टाळ्या ऐकू येत होत्या.