हॅटी आणि पिवळा झेंडा

जरा कल्पना करून बघ. तुझं वय नऊ वर्षं. बसायला एवढीशी गाडी, आंघोळीच्या टबापेक्षाही थोडी लहान. चारही चाकं उघडी, डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा. खांद्यांवरून आणि कमरेवरून पट्टे असे आवळलेले की पोटभर श्वास घ्यायचीही चोरी. हेल्मेटच्या आत तुझाच श्वास घुमतोय, शंख कानाला लावल्यासारखा. आता उजवा पाय हळूच दाब. सुटली गाडी? मग हॅटीला त्या शनिवारी काय वाटलं, ते तुला अर्धं कळलंच. उरलेलं अर्धं ऐक.

हॅटी वॉल्डनची ती पहिलीच वेळ होती. घरामागच्या हिरवळीवर, इंजिन बंद असलेल्या गाडीत बसून, तोंडाने घर्रर्र करत तिने शेकडो शर्यती जिंकल्या होत्या. खऱ्या ट्रॅकला मात्र तिच्या निळ्या गाडीची चाकं अजून लागली नव्हती. ट्रॅक होता अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या मुलांच्या एका क्लबचा. मक्याच्या शेताला लागून अंड्याच्या आकाराचा डांबरी पट्टा, दहा सेकंदांत एक फेरी, आणि वळायचं ते फक्त डावीकडे. नव्या मुलाने आधी सराव करून दाखवायचा, कार्डावर शिकवणाऱ्या मिस लोर्नांची सही घ्यायची, मगच शर्यत.

हा सरावाचा शेवटचा शनिवार होता. आज सही झाली तर पुढच्या आठवड्यात हॅटी तिचा चुलतभाऊ कॉल्बी याच्याबरोबर मोसमातली शेवटची शर्यत धावणार. नाही झाली तर बर्फ पडून वितळेपर्यंत गाडी गॅरेजमध्ये.

मिस लोर्ना सत्तरीच्या, उन्हाने रापलेल्या, गळ्यात शिट्टी. त्या गाडीशेजारी गुडघ्यावर बसल्या.

"गाडी पळवणं सोपं आहे, हॅटी. माझं मांजरही शिकेल. इथे शिकायचं ते थांबणं. तो मचाणावर मिस्टर एमेट दिसतोय? त्याच्या हातात हिरवा झेंडा असला तर पळ. पिवळा दिसला तर पुढे कुणाचा तरी घोटाळा झालाय. पाय उचलायचा आणि हाताचा पंजा वर करायचा, म्हणजे मागच्याला कळतं. काय सांगितलं मी?"

"मांजर..." हॅटी म्हणाली आणि लाल झाली.

शेजारच्या नारिंगी गाडीतून कॉल्बी खिदळला. "तिची तंद्री लागते, मिस लोर्ना. चर्चमध्ये सगळे खाली बसतात आणि ही एकटीच उभी!"

"तू आधी बुटाची नाडी बांध, शहाण्या," मिस लोर्ना म्हणाल्या.

बाबांनी मागून गाडी ढकलली. इंजिन खोकलं, गुरगुरलं, आणि बाबांचे हात मागे राहिले.

पहिल्या दोन फेऱ्या हॅटी घाबरली. तिसऱ्या फेरीला भीती कुठेतरी सांडून गेली. या गाड्यांचं मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा मोठं असतं, त्यामुळे गाडी आपण होऊनच डावीकडे कलत होती. सरळ पट्ट्यावर तिला जरा धरून ठेवायचं आणि वळण आलं की सोडून द्यायचं, झोका सोडावा तसं. वाळलेला मका एक लांबच लांब तपकिरी पडदा झाला. भिंतीवरची पांढरी रेघ दोऱ्यासारखी सुटत गेली. एका वळणावर दिव्याच्या खांबाची सावली आडवी पडली होती. ती ओलांडताना क्षणभर गार वाटायचं. पुढे डांबराचं एक ठिगळ होतं, हुबेहूब बदकासारखं. सावली, बदक, पडदा. सावली, बदक, पडदा. फेरी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याला काही अर्थच उरला नाही. आपण गाडी चालवत नाही, हा गोल रस्ताच आपल्याखालून हळूहळू फिरतोय, असं तिला वाटू लागलं.

मग तिला कुंपणापाशी माणसं दिसली. सगळी दोन्ही हात हलवत होती. बाबासुद्धा. किती आनंद झालाय सगळ्यांना! हॅटीने स्टिअरिंगवरचा एक पंजा उचलून हलवला. लोक आणखी जोरात हात हलवू लागले. हॅटीनेही आणखी जोरात हलवला.

शेवटी मिस लोर्नाच शिट्टी फुंकत ट्रॅकच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा गाडी थांबली.

"चार फेऱ्या," त्या म्हणाल्या. "चार फेऱ्या पिवळा झेंडा फडकत होता, पोरी. एक हिरवी गाडी वळणावर आडवी बंद पडली होती."

"दिसली मला ती," हॅटी म्हणाली. "मला वाटलं, दमली असेल."

कॉल्बी हसून हसून कुंपणावर लोंबकळला. बाबा मात्र हसले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "मिस लोर्ना, लहान आहे ती अजून. पुढच्या वर्षी बघू या का?"

"बाबा, थांब ना!"

"थांब थांब, दोघंही थांबा," मिस लोर्ना म्हणाल्या. "हॅटी, अजून काय काय दिसलं तुला?"

हॅटीने सगळं सांगितलं. सावली, बदक, भिंतीचा दोरा, मक्याच्या टोकावर बसलेला कावळा, तिसऱ्या फेरीनंतर तो उडून गेला तेही.

"आणि मिस्टर एमेट?"

हॅटीने मचाणाकडे असं पाहिलं, जणू ते आत्ताच कुणी उभं केलंय.

"म्हणजे डोळे उत्तम आहेत. त्यांत एवढी गर्दी मावते, तर एका म्हाताऱ्यालाही जागा कर. स्वप्न बघ, माझी ना नाही. पण त्यात त्याला बसव."

दुसऱ्या वेळी हॅटी कॉल्बीच्या मागे सुटली. नारिंगी गाडी पुढे, निळी मागे. ती मनाशी घोकत होती, एमेट, एमेट. पण नारिंगी गाडीचं मागचं चाक उन्हात असं काही चमकत होतं की नजर पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन बसायची. सहाव्या की सातव्या फेरीला तिने पाय उचलला, पंजा वर केला, आणि गाडी शहाण्यासारखी मंद होत थांबली. कुंपणापाशी टाळ्या वाजल्या. बाबांनी टोपी हवेत उडवली.

मिस लोर्ना कार्ड घेऊन आल्या. पेनाचं टोपण काढता काढता त्यांनी सहज विचारलं, "शाब्बास. पिवळा झेंडा पहिल्यांदा दिसला तेव्हा तू कुठे होतीस?"

'सरळ पट्ट्यावर' एवढंच म्हटलं की झालं असतं. बाबा तर आधीच मान डोलावत होते. हॅटीने पिंजऱ्याच्या नळ्यांतून त्यांच्याकडे पाहिलं, मग आपल्या हातमोज्यांकडे.

"मला कॉल्बीचा पंजा दिसला," ती म्हणाली. "त्याने वर केला म्हणून मी केला. झेंडा नंतर दिसला."

"वेडी आहेस का गं!" कॉल्बी ओरडला. "सही होतच होती ना!"

मिस लोर्नांनी टोपण परत लावलं. रागावल्या नाहीत. मावळतीकडे बघून त्यांनी अंदाज घेतला. "ऊन अजून अर्धा तास आहे. कॉल्बी, तू जाऊन लेमोनेड पी. हॅटी, आता एकटी."

एकटी म्हणजे खरोखरच एकटी. बाकीच्या गाड्या एव्हाना ट्रेलरवर चढत होत्या. बाबांनी ढकललं, इंजिन गुरगुरलं, आणि तो सगळा गोल रस्ता तिचा झाला. ऊन तिरपं होऊन मधासारखं दाटलं होतं. खांबाची सावली लांबून भिंतीवर चढली होती. बदक सोनेरी झालं होतं. तंद्री आली. या वेळी हॅटीने तिला हाकललं नाही, येऊ दिलं. सावली, बदक, पडदा, मिस्टर एमेट. त्याची तांबडी टोपी. त्याची पांढरी मिशी. गुडघ्याशी धरलेला हिरवा झेंडा. पुढच्या फेरीला तो नाक खाजवत होता. त्याच्या पुढच्या फेरीला झेंडा डाव्या हातात होता. सावली, बदक, पडदा, एमेट. जणू तो त्या मक्यासारखाच तिथे उगवलेला होता आणि नेहमीच तिथे असणार होता. फेऱ्या किती झाल्या कोण जाणे. श्वास शंखात घुमत राहिला.

सावली, बदक, पडदा, आणि काही नाही.

मचाणाच्या फळ्या होत्या. कठडा होता. कठड्यामागे गुलाबी आभाळ होतं. पण चित्रातून कुणीतरी नेमका एक माणूस पुसून टाकला होता. हिरवा नाही, पिवळा नाही. असं झालं तर काय करायचं, हे मिस लोर्नांनी सांगितलंच नव्हतं. हॅटीने कुंपणाकडे नजर टाकली. बाबा खिशात हात घालून पुतळ्यासारखे उभे. कुणी हात हलवेना, कुणी ओरडेना. रस्ता तर मोकळाच होता, निदान इथून दिसत होता तेवढा. पण वळणाच्या पलीकडचं बघणारा माणूस जागेवर नव्हता. मग पलीकडे काय आहे ते आपल्याला कोण सांगणार?

मिस लोर्नांनी मुद्दामच खाली बोलावलेला मिस्टर एमेट कुंपणाआड त्यांच्या शेजारी उभा होता आणि मक्याच्या पिठात तळलेला सॉसेज खात होता. मिस लोर्नांनी हळूच पेनाचं टोपण काढलं. हॅटीला यातलं काहीच दिसत नव्हतं.

तिने पाय उचलला. मागे कुणी नव्हतं, तरी पंजा वर केला. गाडी मंद झाली, इंजिन खोकलं आणि विझलं, आणि एकाएकी सगळ्या शेतातला वाळका मका सळसळताना ऐकू आला. रिकाम्या मचाणाच्या अगदी खाली ती थांबली. आणि कुणीतरी येऊन पुढचं सांगेपर्यंत तिने तो पंजा खाली घेतला नाही.