ब्रिंकहोफ की लामर्स

आमच्या जर्मन मुलखात रीत होती, ज्या शेतावर राहायचं त्या शेताचं नाव लावायचं. माझ्या बापाला मुलगा नव्हता. हार्म लामर्स माझ्याशी लग्न करून आमच्या ब्रिंकहोफ शेतावर घरजावई म्हणून आला आणि उंबरा ओलांडताच हार्म ब्रिंकहोफ झाला. पुढे शेत विकून आम्ही जहाजात बसलो, पण नाव काही विकलं नाही.

इथे दक्षिण ऑस्ट्रेलियात सात वर्षं खंडाने जमीन कसली. झाडांची खोडं मी माझ्या हातांनी उपटली आहेत. आता मालक जमीन विकायला निघाला, आणि परक्याच्या नावे खरेदी होत नाही. त्यासाठी आधी इंग्लंडच्या राणीची रयत व्हावं लागतं.

"कापणीपर्यंत कागद आणा," मालक म्हणाला, "नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

गहू तर ओंबीवर आला होता.

इंग्रजी येणाऱ्या पादरीबाबांना घेऊन आम्ही मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहिलो. साहेबाने दोन कागद शेजारी ठेवले. हार्मच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर लामर्स, जहाजाच्या कागदावर ब्रिंकहोफ.

"विचारतायत, दोन नावं कशाला? काही करून पळून आलात का?" पादरीबाबा म्हणाले.

"पळून?" मी म्हटलं. "ह्याला गाईमागेसुद्धा पळवत नाही! सांगा त्यांना आमची रीत."

त्यांनी सांगितली. बायकोचं नाव लावणारा पुरुष साहेबाने कधी पाहिला नव्हता; तो पोटभर हसला. मग हसू गेलं. शपथेवर एकच नाव चालेल, तेही जन्माचं. नाहीतर अर्ज परत आणि चौकशी पोलिसांकडे.

हार्म टोपी पिळत राहिला. "गेशे, तूच सांग. आजवर तूच सांगत आलीस."

इंग्रजांत नवऱ्याचं नाव तेच बायकोचं. बापाचं, आज्याचं नाव माझ्यापाशी संपणार.

"लिहा लामर्स," मी म्हटलं. "लवकर लिहा, माझं मन फिरायच्या आत."

कागद गव्हर्नरकडे गेला त्याला पाच आठवडे झाले. विळ्यांना धार लावून झाली, उत्तर नाही. काल शेजारची वुबके कुंपणावरून ओरडली, "काय लामर्सबाई, आला का कागद?"

"आला की त्या नावाने हाक मार. तोवर जीभ आवर!"

ती गेल्यावर मात्र वाटेकडे बघत ते नाव तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. टपालवाल्याने हाक मारली, तर ओ द्यायला उशीर नको.