टामियाचं पाठांतर

रोझेटानं टामियाच्या शेवटच्या वेणीला मणी अडकवला आणि पुन्हा पहिल्यापासून विचारलं.

"राहतेस कुठं?"

"ओडेलमामाकडे."

"झोपतेस कुठं?"

"मागच्या खोलीत. निळी चादर." टामियानं डोकं सोडवून घेतलं. "आई, पाठ झालंय गं!"

"झालं असू दे. परत सांग."

मिसिसिपीतल्या त्या गावात काम एकच, कॅटफिशच्या कारखान्यातलं. मासे कापून कापून रोझेटाचं मनगट गेलं आणि कामही गेलं, त्याला वर्ष उलटलं होतं. सरकारचा न्यायही अजब. लेकरामागे कराचे पैसे परत देतात, पण कमावत्यालाच. जिची कमाई शून्य, तिच्या पदरात शून्य. धाकटा भाऊ ओडेल ट्रक चालवायचा, पगारदार. पोर त्याच्याकडे राहते असं दाखवलं तर पैसे येणार होते. नाही आले तर घरमालक याच महिन्यात दाराला कुलूप ठोकणार होता.

"सापडलो तर मी तुरुंगात जाईन, ताई," ओडेल गाडीत म्हणाला. "तू तरी लांब राहा."

"लांबच बसेन. ओळखसुद्धा दाखवणार नाही."

कराचे कागद भरून देणाऱ्या दुकानात ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली, नंबराची वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकासारखी. पर्स छातीशी धरलेली.

टेबलामागच्या बाईंनी ओडेलला सोडून पोरीलाच विचारलं. टामियानं घर सांगितलं, खोली सांगितली, न विचारता चादरही सांगितली.

"शहाणी गं माझी बाय! आणि आई कुठं असते?"

हे पाठ करून घ्यायचं राहिलं होतं. ओडेल खाली बघत टोपी चुरगाळू लागला. टामियानं मागं वळून पाहिलं नाही.

"आई वारली."

"अगं बाई!" बाईंनी गोळ्यांची बरणी पुढं केली. "घे. मूठभर घे, बाळ."

सही झाली. ओडेल पोरीला घेऊन दाराकडे निघाला. रोझेटा उठणार, तोच बाईंनी हाक मारली.

"या ना, बसा. तुमचाच नंबर."

निघून जावं तर संशय यायचा. रोझेटा जाऊन बसली.

"मुलंबाळं?"

दारात टामिया थबकली होती. गालात गोळी, डोळे आईवर. पोरीनं अगदी हळूच मान हलवली, नाही म्हणून.

"नाहीत," रोझेटा म्हणाली.

टामिया मामाचा हात धरून बाहेर गेली.